तो राग नव्हता

वडगाव निंबाळकर

प्रिय साक्षी,

बुद्धघोष सांगत होता, काल तुझं बीपी एकशे अठ्ठावीस आलं. ऐकून बरं वाटलं. निमगावला आईजवळ आहेस तर महिनाभर निवांत राहा. इथली गाय व्याली, कालवड झाली. धारा मी काढते. भाकरी बुद्धघोषच थापतो, तुझा नवरा, आणि निम्म्या करपवतो.

तुझ्या डोकेदुखीला मी चार वर्षं नावं ठेवली. "सून तापट हाय माझी," असं शेजारणींनाही सांगितलं. बीपीची तिसरी गोळी चालू होऊनही दाब उतरेना, तेव्हा तुलाच म्हटलं, "जरा राग गिळायला शिक." बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय सांगितला, तर मला वाटलं, राग कुठं फोटोत दिसतो का.

आत धातूचं काही चालत नव्हतं. गळ्यातलं, बांगड्या, जोडवी काढून तू माझ्या ओंजळीत दिलीस. "आत्या, लई आवाज येतो म्हणं त्यात," एवढंच बोललीस. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तुलाही भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बंद दाराबाहेर तो ठकठक आवाज ऐकत बसले. नंतर बाईंनी पडद्यावर दाखवलं. उजव्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी जागोजाग आवळलेली. रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून ते मूत्रपिंड सगळ्या अंगाचा दाब वाढवत होतं. "यात स्वभावाचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. पुण्यात डॉक्टरांनी आत बारीक फुगा फुगवून ती वाहिनी मोकळी केली, दाब उतरला. तुझ्याशी मात्र मी त्यावर अजून बोलले नाही.

फोनवर जमणार नाही म्हणून लिहितेय. भिंतीवरच्या फोटोतली छकुली, तुझी नणंद, कशानं गेली असं तू एकदा विचारलंस. मी "तापानं" म्हणाले. ते खोटं होतं. चोविसाव्या वर्षी तीही अशीच डोकं धरून बसायची. मी अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळत होते, पण तिचं बीपी कधी मोजून आणलं नाही. "कामाच्या वेळीच बरं दुखतं तुझं," म्हणाले, आणि त्याच दुपारी ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो दाब कशामुळं होता, ते आता कळायचं नाही. तिची माफी मागायची राहून गेली. तुझी मागायला तू आहेस. माझं चुकलं, पोरी.

तुझीच,
केसरआत्या