बद्द वाजणारी कुंडी

१ मार्च, रविवार

गच्चीवरचा जुना निवडुंग, माझा कोंबडा, आक्रसतोय. डोळ्यांना वाटत होतंच, आज दोरी लावून मोजला. तुरा गेल्या वर्षी एक वीत चार बोटं होता, आता एक वीत दोन. कातडीवर सुरकुत्या, रंग मातकट.

कुंडी वाजवून पाहिली. बद्द. म्हणजे आत ओल. हिवाळाभर एक थेंब पाणी घातलं नाही आणि आत ओल! वरून सुकतोय आणि खाली ओला आहे, याचा अर्थ एकच – मुळं कुजली.

एक्केचाळीस वर्षं सांभाळलेलं झाड. माझ्या थोरल्यापेक्षा मोठं.

३ मार्च, मंगळवार

दिवसभर शिंपीकाका डोक्यात.

आमची दोन दुकानं, मध्ये एक पातळ फळी. इकडे मी दुसऱ्याच्या दुकानात पगारावर जळक्या मोटरींत नवी तार भरायचो, तिकडे काका शिवायचे. त्यांच्या मशीनच्या आवाजावरून मला कळायचं की आत्ता चादर चाललीय की ब्लाउज. एकदा फळीतूनच सांगितलं, "काका, शटलला तेल द्या." मशीन थांबलं. फळीवरून डोकं वर आलं. "कोण रे तू? शिंप्याचा की भुताचा?" तिथून ओळख.

त्यांच्या खिडकीत सात-आठ निवडुंग. एकही धड नाही. साधा निवडुंग एका टोकाने सरळ वर जातो. यांचं टोकच बिघडलेलं. एकाच्या टोकाची पसरून रेघ झालेली, ती वाढता वाढता दुमडून थेट कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. दुसऱ्याच्या अंगभर गाठी, कुठल्या दिशेला वाढायचं तेच ठरत नाही अशा. काका त्यांना 'वेडे' म्हणायचे. वेड्याच्या बुडातून एखादा सरळ कोंब फुटला की तो 'शहाणा'. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता मला ओरडून सांगायचे, "अरे, शहाणा दिसला की लगेच कापायचा! एक शहाणा सगळ्या वेड्याला खातो." गिऱ्हाईक चपापून गप्प उभं राहायचं.

पाणी द्यायची त्यांची रीत एकच. शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान कुंडीवर मारायचं. "खण वाजली तर पाज, बद्द वाजली तर थांब." बस. बोट खुपसणं नाही, काडी खुपसणं नाही.

दुकान बंद केलं त्या दिवशी कोंबडा माझ्या हातात दिला, अंगुस्तान बोटात घातलं. म्हणाले, "डोळ्यांनी झाडं पाळणारे खूप आहेत. ते याला बुडवून मारतात. तुला कान आहेत म्हणून देतोय."

या वाक्यावर मी पुढे अख्खा कारखाना उभा केला. मोटर सुरू करायची, कान लावायचा, दोष सांगायचा. लोक लांबून मोटरी घेऊन यायचे – नुसत्या मला ऐकवायला.

४ मार्च, बुधवार

गच्चीवरच्या एकोणीसही कुंड्या वाजवल्या. सगळ्या बद्द. हल्ली कुंड्या नीट भाजतच नाहीत.

७ मार्च, शनिवार

कारखान्यात वाद. पाण्याच्या पंपाची एक मोटर मी पास करून पाठवली होती, ती परत आली. मिस्त्री म्हणाला, "शेठ, बेअरिंग शिटी मारतंय." मी कान लावला. कसली शिटी! मख्खन चाललीय. तसं म्हणालो. त्याने बेअरिंग काढून दाखवलं. घासलेलं होतं.

महिन्याभरातली ही तिसरी. बेअरिंगंही आता असली येतात की आवाज न करता मरतात. पूर्वीचा माल मरायच्या आधी महिनाभर बोंबलायचा. तेवढी रीतभात होती त्याला!

मिस्त्री निघताना दाराशी काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात.

११ मार्च, बुधवार

घर किती शांत झालंय. पूर्वी सकाळी उठलो की आधी कानच उठायचे – नळ, कुकर, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची काठी, खिडकीतल्या चिमण्या. आता चिमण्यासुद्धा नाहीत.

आणि ही. लग्न झालं तेव्हा एकच खोली होती. मी कोपऱ्यात तारा गुंडाळायचो, ही भांडी विसळताना गुणगुणायची. शब्द कधीच धड नाहीत, नुसती चाल, तीसुद्धा मध्येच सोडून दुसरी. मी चिडवायचो, "एक तरी गाणं पुरं कर." म्हणायची, "पुरं झालं की संपतं ना." ते गुणगुणणं केव्हा बंद झालं, लक्षातही आलं नाही. उलट आता बोलते ती ओरडूनच. चहा हवा का, हेसुद्धा असं विचारते की शेजारी कप घेऊन येतील. वयाने स्वभाव बदलतो म्हणतात. विचारायचा धीर होत नाही – काय सांगेल कोण जाणे.

भिंतीवरचं घड्याळही गेल्या आठवड्यात दुरुस्तीला दिलं होतं. टिकटिक थांबली म्हणून. घड्याळवाल्याने तसंच परत दिलं. म्हणे, "काका, चालू आहे की!" काटे फिरत होते हे खरं. पण टिकटिक? हसला नुसता. काम टाळायला लोकांना काय, निमित्तच हवं.

१४ मार्च, शनिवार

नर्सरीवाला येऊन गेला. त्याने कोंबडा लांबूनच पाहिला आणि मला विचारलं, "तुम्ही काय म्हणता? तुमचा कान सांगेल ते." मी सांगितलं, आत ओल आहे, बूड गेलं. मग म्हणाला, कूज वर चढायच्या आत तुरा कापू, तुकडे करून दुसऱ्या निवडुंगांवर कलम करू. चारातले दोन जगतील. पण हा असा अखंड पुन्हा व्हायला चाळीस वर्षं. उद्या अकराला येतो म्हणाला.

चाळीस वर्षं कोणाकडे आहेत!

ही पायरीवर उभी होती. मोठ्याने म्हणाली, "अहो, तहानलंय ते. पाणी घाला."

मी म्हणालो, "तू फोडणीचं बघ, मी कुंडीचं बघतो."

"बघा," म्हणाली, "उंटावरून बघा."

१५ मार्च, रविवार

सुरी उकळून घेतली. कोंबडा गच्चीच्या मधोमध आणला. कुंडी कधी नव्हे ती हलकी लागली. म्हटलं, मुळंच उरली नसतील. बुडाशी सुरी टेकवली, एक रेघ ओढली. आत हिरवं, स्वच्छ. कूज अजून इतकी वर आली नाही, असं स्वतःला सांगितलं. हात मात्र पुढे जाईना.

ही अंगुस्तान घेऊन आली. "कापायचंच तर एकदा शेवटचं वाजवा."

वाजवलं. बद्द.

हिने माझ्याकडे पाहिलं. "हे बद्द?"

"मग काय?"

तिने अंगुस्तान माझ्या बोटातून काढलं, स्वतः मारलं. "अहो, घंटेसारखं खणखणतंय हे!"

मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. तेवढ्यात नर्सरीवाला आला. हिने त्याच्यासमोर पुन्हा वाजवली. त्याने आधी कुंडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "काकू म्हणतात ते बरोबर आहे," म्हणाला. बहुतेक हेच म्हणाला – मी त्याच्या ओठांकडे बघत होतो.

हिने आणलेला पाण्याचा पेला कठड्यावर होता. स्टीलचा. तो ओतून टाकला, उलटा धरला आणि अंगुस्तान मारलं.

पेलाही बद्द.

नर्सरीवाला चहा न घेताच गेला. सुरी खाली ठेवली. कोंबड्याला पाणी घातलं. माती ते इतक्या घाईने प्यायली की बुडबुडे आले. मग उरलेल्या अठरांना घातलं. बादल्या ही भरून देत होती.

संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. सांगितलं, उद्यापासून मोटरी तू पास कर. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. मी हो हो म्हणालो.

१६ मार्च, सोमवार

सकाळी ही भांडी विसळत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो, तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

पाठ थरथरत होती. एक चाल, मध्येच सोडून दुसरी.

विचारलं, "परत केव्हा सुरू केलंस?"

ती वळली, माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बंद कधी केलं होतं?"