उर्स्याचा टोलनाका आणि बुवांचं नाव

आबा,

मघाशी गाण्यांच्या कंपनीचं पत्र आलं आणि मशीनवरचा ब्लाऊज अर्धा टाकून मी तुम्हाला लिहायला बसले. तुमचं गाणं तुमचंच ठरलं हो! चार महिन्यांचा घोर आज मिटला. आईनं पत्र तुमच्या फोटोपुढं ठेवलं, डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, "आता तरी धड जेव."

किती चिडले होते मी तुमच्यावर, सांगू? भावकीतल्या लग्नात स्पीकरवर तुमचं गाणं लागलं. वाटलं, कुणीतरी तुमची आठवण ठेवली. मग मोबाईलवर पाहिलं, तर कुठल्याशा कंपनीनं काढलेलं, आणि गीतकार म्हणून नाव कुणाचं? भिवाबुवांचं! तुमच्या गुरूंचं!

आता कंपनीला तरी काय बोलणार? शेवटच्या कडव्यात शाहिरानं आपलं नाव गुंफायचं, ही रीतच. तुम्ही मात्र स्वतः रचलेल्या प्रत्येक गाण्यात 'भिवा म्हणे' घालून ठेवलंत. मी कितीदा म्हटलं, "आबा, गाणं तुमचं, नाव त्यांचं कशाला?" तर म्हणायचात, "त्यांनी डफ हातात दिला म्हून मी हाय. माजं नाव कुटं मिरवायचंय?" घ्या! नाही मिरवलंत, म्हणून ही पाळी आली.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो. त्यानंतर गाणं सगळ्यांचं. तुमच्या भिवाबुवांना जाऊन साठ वर्षं उलटून गेलीत."

खरंच की! बुवा गेले पवनेचं धरण व्हायच्या आधी. तुम्ही तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे. गाणं तुमचं हे दाखवायचं तर कशानं? तुमच्या हातचा एक कागद नाही घरात, सगळं तोंडपाठ! वही करा, वही करा म्हणून किती मागं लागले होते. ऐकलंत कधी?

शेवटी पवनानगरहून जीप धरून लोणावळ्याच्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आधी गाणं म्हणून दाखवा." त्यांच्या टेबलापुढं उभी राहून, लाजत लाजत म्हटलं. तिसऱ्या कडव्याशी आले,

उर्स्याच्या टोलनाक्याला अडलं वऱ्हाड,
नवरी म्हणे, आता गाडी माघारी काढ!

आणि बाईंनी हात वर केला. "थांबा. बुवा गेले तेव्हा उर्स्याला टोलनाका होता?"

आबा, मला हसूच फुटलं! टोलनाका कसला, तेव्हा तो एक्सप्रेसवेसुद्धा नव्हता. आणि हेच कडवं काढा म्हणून मी तुमच्याशी भांडले होते. आठवतंय? "लग्नाच्या गाण्यात टोलनाका शोभतो व्हय?" तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. "लोक लय हसत्यात गं. ऱ्हाऊ दे." कंपनीनंही त्याच्यासाठीच ठेवलं असणार. चुकले बाई मी. कान पकडते.

बाईंनी नोटीस धाडली. तुमच्यामागं झील धरणाऱ्या तिघा साथीदारांनी गाणं आबांचंच म्हणून लिहून दिलं. आणि आज हे पत्र! गीतकार म्हणून तुमचं नाव लागलंय. तुम्ही गेल्या वर्षी गेलात, म्हणून साठ वर्षं यंदाच्या जानेवारीपासून मोजायची, असं बाई सांगतात. म्हणजे मी असेपर्यंत तर तुमच्या गाण्याला धक्का नाही. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

पत्र वाचताना एक मोह झाला, खोटं कशाला बोलू? वाटलं, आता 'भिवा म्हणे' काढून तिथं तुमचं नाव घालावं. गुणगुणून पाहिलं, चालीत बसलंही. मग फोटोकडं नजर गेली आणि पुन्हा 'भिवा म्हणे'च म्हटलं. कायद्यानं बुवांची साठ वर्षं कधीच सरली होती. तुमच्या लेखी ती सरलीच नव्हती.

तेव्हा शब्द देते, आबा. गाण्याच्या वर तुमचं नाव, गाण्याच्या आत बुवांचं. मावळात कुणाच्याही लग्नात कुणीही म्हणू दे, माझ्याकडं विचारायला यायची गरज नाही. आणि रविवारपासून तुमची बाकीची गाणी वहीत उतरवते, आईला आठवतील तशी. प्रत्येकाच्या शेवटी 'भिवा म्हणे' जसंच्या तसं लिहीन. कुरकुर करेन, पण लिहीन.

तुमची भांडकुदळ लेक,
सुमन