व्हिक्टर काकांचा डबा

मंगळवार संध्याकाळ, बॉथेल, अमेरिका

शेजारच्या व्हिक्टर काकांना दिलेला डबा आज भरलेलाच परत आला. खिचडीला हातसुद्धा लावला नाही.

एकेकाळी काका सोव्हिएत फुटबॉल टीमचे स्टार होते. विशीत स्टेडियम त्यांच्या नावाचा गजर करायचं. मग दारू, मारामारी, तुरुंग. सुटले तेव्हा पाय जड झाले होते.

काल डॉक्टर त्यांना म्हणाले, लिव्हर संपत आलंय. आज मी चिडलेच. "काका, आता तरी दारू सोडा ना!" तर हसले. "कोच ओरडले, बायको रडली. आता तू ट्राय कर." मी काय करणार? खिचडी?

रिकामा डबा परत करू नये, हे मीच त्यांना शिकवलं होतं. एरवी आत एखादं सफरचंद तरी असायचं. आज तो भरलेला डबा हातात देत म्हणाले, "बघ, रिकामा नाहीये."