न छाटलेली वेल

तात्या, आज बारामतीला माझ्या घरी फाटकावरची वेल तारेला बांधली. सुतळी सैल ठेवली, फांदीला काचू नये म्हणून. द्राक्षबागेत तुम्ही तसंच बांधायचात.

मी दहावीला होते तेव्हा आईने कॅलेंडरवर विस्टेरियाचं चित्र पाहिलं आणि तशी जांभळ्या घोसांची वेल दारात हवी म्हणून हट्ट धरला. इतर कशासाठी तिने हट्ट धरल्याचं मला आठवत नाही. रोपवाटिकेवाला म्हणाला, ती थंड मुलखातली, आपल्या उन्हात टिकायची नाही. त्याऐवजी ही पेट्रिया न्या, घोस तसेच येतात. निरवांगीला, आपल्या गावी आणल्यावर तुम्ही तिच्या खरखरीत पानावरून बोट फिरवलं आणि म्हणालात, "भांडी घासायला झाली हिची पानं." तरी मांडव तुम्हीच घातलात, बागेतल्यासारखा ताणून.

वेल जोमात वाढली. आसपासच्या गावांतले बागायतदार छाटणीला तुमची वाट बघायचे. मग घरची वेल तुम्ही कशी सोडाल? ऑक्टोबरात बागेबरोबर तिचीही छाटणी. दोन वर्षं छाटली आणि दोन्ही वर्षं नुसता पाला. येणारे-जाणारे विचारायचे, "काय तात्या, घरचा माल कधी निघायचा?" तुम्ही हसायचात, पण आत येऊन आईला म्हणायचात, "वांझ हाय ती. उपटून जाईची वेल लावू."

तिसऱ्या वर्षी तुम्ही कात्री घेऊन अंगणात आलात, तर आई मांडवाखाली उभी. ती कधी तुमच्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती, त्या दिवशीही आवाज हळूच होता.

"औंदा हात लावू नका हिला."

"अगं, छाटल्याबिगार घोस येत्यात व्हय कुठं?"

"न्हाय आलं तर शिमग्याला तुमीच उपटा. मी आडवी येणार न्हाय."

तुम्ही तिच्याकडे बघितलंत, कात्री मिटलीत आणि बागेत निघून गेलात. आई त्यानंतर रोज वेलीला पाणी घालताना फांद्या न्याहाळायची.

शिमग्याला थोडेच दिवस उरले होते. सकाळी दार उघडते तो जुन्या, न छाटलेल्या फांद्यांवर निळे-जांभळे घोस लोंबतायत, पानं दिसेनाशी झालेली. दुपारी चार-पाच बागायतदार आले. त्यातले थोरले आबा म्हणाले, "यंदा छाटणी बेस साधली, तात्या!"

मी उंबऱ्यात होते. नुसतं हसून मान हलवली असतीत तरी चाललं असतं. आईही काही बोलली नसती.

तुम्ही म्हणालात, "म्या छाटलीच न्हाय. जुन्या काडीवर फुलती ती. दोन सालं तिची फुलं म्याच कापत व्हतो. हिनं अडवलं म्हून आली."

मग आबा म्हणाले, "व्हय? मग औंदा आमची बाग बी वहिनीकडनंच छाटून घेतो."

"घ्या की. पर ती माझ्यासारखी गप ऐकून घ्यायची न्हाय."

सगळे हसले. आई पदर तोंडाला लावून आत गेली. त्यांच्यातल्या एकानेही तुम्हाला छाटणीला बोलवायचं सोडलं नाही.

मी आता एका शाळेच्या कचेरीत काम करते. माझी चूक झाली तर सगळ्यांसमोर सांगते. सुरुवातीला जड गेलं, आता जात नाही. लोक म्हणतात, स्वभावच सरळ आहे. मी म्हणते, वडिलांचा आहे. हे म्हणताना मान जरा ताठ होते.

तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढंच सांगते. त्या दुपारी चहा घेऊन मी तुमच्यापुढे आले तेव्हा मला शाब्बास म्हणायचं होतं. लेकीने बापाला शाब्बास कसं म्हणायचं ते कळेना. मी विचारलं, "साखर बरोबर आहे का?"