अक्कांची वाटी

१ एप्रिल, देवपूर, धुळे

आले एकदाची! पाचोऱ्याहून भडगाव, पारोळा करत एस.टी.ने हाडं खिळखिळी केली, पण पांझरेचा पूल ओलांडला आणि शीण पळाला. आजची तारीख बघून तेजसने सकाळीच मला एप्रिल फूल म्हणून चिडवलं. तेजस माझा धाकटा भाऊ, आगाऊपणात मात्र थोरला. म्हणे, चित्रं काढणारी बाई मदतनीस ठेवते आणि वर पगार देते, असं कुठं असतं का! असतं, बाळा. ए.टी.डी.चा चित्रकलेचा डिप्लोमा करून तीन वर्षं घरात माशा मारणाऱ्या ज्योत्स्नाला नोकरी लागली आहे, आता बस बोंबलत. आईने निघताना पन्नासदा बजावलं की आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी यायचंच, लेक घरात नसली तर सण कसला.

सुलक्षणा अक्का सत्तरीच्या आहेत. शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या, आता एकट्याच असतात. खाली बैठकीत त्यांचं काम, वर गच्चीवर माझी खोली. जूनमध्ये जळगावला त्यांचं प्रदर्शन आहे. तोवर कागद ताणायचे, खळ शिजवायची, रंग घोटायचे, चित्रांची देखभाल करायची, एवढं माझं काम.

आणि चित्रं काय सांगू! कोळसा, चहाचं पाणी, गेरू, हळद, लुगड्याच्या चिंध्या, शिवणाचा दोरा, सगळं एकाच कागदावर. विषय तरी कसले, तर कुकरची शिट्टी, मोडकी छत्री, झिजलेली चप्पल, कपबशी. आणि बायका. आपापल्या वस्तूंच्या गराड्यात बसलेल्या, इतक्या खऱ्या की आत्ता उठून दूध उतू जातंय का बघायला जातील. कॉलेजात आम्हाला असं कुणी शिकवलं नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

४ एप्रिल

ऊन नुसतं भाजून काढतं आहे. कूलरसमोरून हलावंसं वाटत नाही, पण अक्का तीन वाजता पदर खोचून कागदाशी उभ्या असतात. त्यांचा एक नेम आहे. जी वस्तू काढायची तिचा एखादा खरा तुकडा चित्रात डकवायचाच. छत्रीच्या चित्रात छत्रीची काडी, चपलेच्या चित्रात चपलेचा अंगठा. त्यांचं म्हणणं की त्याशिवाय वस्तू कागदावर येत नाही, नुसता तिचा फोटो येतो.

जेवणाची माझी चंगळ आहे. रोज दुपारी जिन्यात अक्कांची एक वाटी झाकून ठेवलेली असते. कधी शेवभाजी, कधी भरीत. पहिल्या दिवशी वाटी धुतली आणि पंचाईत झाली. शेजारच्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आईने आमच्या अंगी बाणवलंय. घरी असते तर साखर तरी घातली असती. इथे खोलीत मीठसुद्धा नाही! मग पर्सच्या तळाशी पडलेली माझ्या शाळेतल्या डब्याची तुटकी कडी मी वाटीत घातली आणि म्हटलं, अक्का, ही खायला नाही, काढायला. अक्का इतक्या खूश झाल्या की बस.

दोन दिवसांत डब्याचं चित्र झालंसुद्धा. पोचा पडलेला कोपरा, झाकणावरचं माझं खिळ्याने कोरलेलं नाव, सगळं हुबेहूब. कोपऱ्यात खरी कडी. मी अक्कांना डबा दाखवलाच नव्हता, तो पाचोऱ्याला फळीवर आहे. पण पोचे काय, सगळ्याच डब्यांना पडतात.

९ एप्रिल

आईचा फोन आला. बठ्ठं बरं शे ना, हे विचारून झालं. मी कौतुकाने डब्याच्या चित्राचं सांगितलं, तर तिला डबाच आठवेना. कुठला डबा, म्हणे. मी चिडवलं की म्हातारपण आलं. शाळेत आठ वर्षं त्यात रोज भाकरी बांधून दिलीस ना, आई! तिने फळीवर बघते म्हणून फोन ठेवला आणि परत करून सांगितलं की तिथे काही नाही.

तेजसने भंगारात घातला असणार, दुसरं काय.

वाटी मात्र रोज येते आणि मी रोज काहीतरी घालते. ओढणीचा काठ, कंपासपेटीतलं बोथट कर्कटक, काल तर माझा दात तुटलेला कंगवा. एकेकाचं चित्र होतं. आपल्या फालतू सामानाची अशी आरती ओवाळलेली कुणाला नको असते? मला तर मूठभर मांस चढलं आहे.

१३ एप्रिल

आज हाशमभाई आले. जुन्या धुळ्यात त्यांचं फ्रेमचं दुकान आहे. चाळिशीचा माणूस, बोलका. चित्रांना मापं लावता लावता मला म्हणाले की आधीच्या पोरीपेक्षा तुमचा हात बरा आहे. आधीची कोण, विचारलं तर त्यांनाच सांगता येईना.

ते गेल्यावर अक्कांना विचारलं. अक्का खळ ढवळत होत्या. अगदी सहज म्हणाल्या, साबेरा होती. हाशमची बायको. आणि भिंतीकडे मान केली. तिथे शिलाई मशीनपाशी बसलेली एक बाई आहे, हातात कात्री, पायाशी हिरव्या चपला. काच बसवलेलं चित्र आहे.

म्हातारीची चेष्टा, असं मी धरून चालले.

१५ एप्रिल

चेष्टा नव्हती.

हाशमभाई फ्रेमा घेऊन आले तेव्हा मी मुद्दाम विचारलं की साबेराभाभी कशा आहेत. ते हसले. म्हणाले, लग्नच झालं नाही तर भाभी कुठून येणार? मग आपणहून सांगत बसले. घरात एक शिलाई मशीन पडलं आहे, कुणाचं कोण जाणे. दाराशी बायकी चपला आहेत, हिरव्या, फेकायला हात होत नाही. सकाळी चहा करतात तर दोन कप होतो, रोज एक ओतून द्यावा लागतो. सांगताना हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसून म्हणाले, धूळ गेली.

जाताना त्यांनी साबेराच्या चित्रावरची काच बाहीने पुसली. ही चांगली आलीय, म्हणाले.



१७ एप्रिल

घरी फोन केला. कंपासपेटी आठवते का? नाही. दिवाळीची ती पिवळी ओढणी? नाही. मी कुठल्या शाळेत होते, आई? ती घुटमळली. तेजसच्या शाळेचं नाव सांगितलं. मी मुलींच्या शाळेत होते. बारावीत तालुक्यात पहिली आले तेव्हा आईने आळीभर पेढे वाटले होते.

आईला काही झालं तर नसेल? डॉक्टरला दाखव, असं तेजसला सांगितलं. तो म्हणाला, आई ठणठणीत आहे. आणि मग म्हणाला, तू कधीपासून एवढी काळजी करायला लागलीस, ताई? ताई म्हणाला. अजून म्हणतो आहे.

१९ एप्रिल

बैठकीत पडद्यामागे नवा मोठा कागद आहे. आज बघितला.

मी आहे. बसलेली, वेणी पुढे घेतलेली. वेणीत खरे केस आहेत. माझ्या कंगव्यातले. भोवती डबा, ओढणी, कर्कटक, सगळं मांडलेलं. तोंड नाही. तिथे कोरा कागद.

मी अक्कांच्या अंगावर धावून गेले. मोठमोठ्याने बोलले, तोंडाला येईल ते. अक्का म्हणाल्या, मी कधी काही मागितलं का गं? मागितलेलं चालतच नाही, दिलेलं लागतं. आणि खरंच की, त्यांनी कधी मागितलं नाही. माझीच मी वाटीत घालत गेले, चांगल्या घरचं वळण म्हणून.

मग म्हणाल्या, माणूस जातं आणि त्याची कपबशी मागे राहते. आयुष्यभर त्या कपबशीकडे बघत रडायचं. त्यांनी तसं एकदा रडून बघितलं आहे, कुणासाठी ते सांगितलं नाही. मी वस्तूंसकट माणूस उचलते, म्हणाल्या, मागे चपला-मशीन उरलं तरी कुणाचं ते आठवत नाही, कुणाला रडावं लागत नाही. यात वाईट काय आहे?

तोंड का नाही, विचारलं. तोंड त्या काढत नाहीत. ते घरच्यांनी पुरं करायचं असतं. हाशमने आपल्या हाताने काच बसवली आणि खिळा ठोकला, त्या दिवशी साबेराचं तोंड उमटलं. घरच्यांनी सोडलं की येतं, म्हणाल्या. मग माणूस इथलंच.

म्हणजे अजून आईने सोडलेलं नाही. कागद कोरा आहे. अजून माझं काही गेलेलं नाही.

२१ एप्रिल

दोन दिवस वाटीला हात लावला नाही. जिन्यात तशीच आहे, मुंग्या लागल्यात.

आज दुपारी अक्का झोपल्यावर खाली गेले. डकवलेल्या वस्तू काढून घ्यायच्या ठरवल्या होत्या. खळ लावलेलं पाण्याने सुटतं, मी रोज तेच करते. ओलं फडकं ठेवलं, नख घातलं. ओढणीचा काठ सुटेना. कडी सुटेना. बोट फिरवून बघितलं तर सगळं सपाट. कापड नाही, लोखंड नाही, केस नाहीत. नुसता कोळसा.

कागद फाडायला धरला. माझ्याच बरगडीत कळ आली. सोडून दिला.

२४ एप्रिल

आईला फोन लावला. तिने विचारलं, कोन शे?

मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मी कोण? मागून तेजसचा आवाज आला, राँग नंबर असेल, ठेव. तिने ठेवला नाही लगेच. मग ठेवला.

नंतर नंबर लागतच नाही.

२६ एप्रिल

खाली हाशमभाई आले होते. मला विचारलं, तुम्ही नवीन का? अकरा दिवसांपूर्वी माझ्याशी तासभर बोललेला माणूस –

कागद अजून कोरा आहे. रोज बघते. पाचोऱ्याला जायचं. समोर गेले, आईने मला डोळ्यांनी बघितलं, की आठवेल. पोटची लेक आहे मी. आई शेवटी आई असते.

अक्कांनी अडवलं नाही. जा, म्हणाल्या, सणाला लेकीने घरी जावं.

२८ एप्रिल, पाचोरा

आईने दार उघडलं. कोण पाहिजे, ताई?

माझी आई मला ताई म्हणाली.

मी तोंडावर सगळं सांगितलं. तेजस मध्ये पडला, म्हणाला बाई वेडी आहे, पोलिसांना बोलावतो. मला ढकललं त्याने. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय. आईने मात्र त्याला झापलं. सणाच्या तोंडावर दाराशी आलेल्या बाईमाणसाला हाकलतात का? पाणी दिलं. ओसरीवर अंथरूण दिलं. कुठली तरी दुखावलेली पोर आहे, राहू दे दोन दिवस, म्हणाली.

डबा नाही. भिंतीवर माझा फोटो होता तिथे कॅलेंडर आहे. पण आई येता जाता माझ्याकडे बघते. कांदा चिरताना बघते. तिच्या आत कुठेतरी – आहे मी. असणारच.

२९ एप्रिल

स्वतःच्या वाढदिवसाची तारीख आठवायला वेळ लागला. वही जवळून सोडत नाही. जे लिहिलंय तेवढीच मी.

आईसोबत कुरडया तळल्या. तिला आवडलं. तुमच्या हाताला वळण आहे, म्हणाली. तूच लावलंस, असं ओठांवर आलं होतं.

३० एप्रिल, आखाजी

आई पहाटे कुंभाराकडून नवी घागर घेऊन आली. तेजस वैतागला. घागर ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्या नावाने भरायची, आपल्याकडे यंदा कुणी गेलंय का? आई म्हणाली, नाही गेलं. पण छातीत कालवतंय महिनाभर. कुणीतरी आपलं गेलंय आणि आपल्याला आठवत नाही. पितर उपाशी राहील.

घागरीवर डेरगं, लहान मडकं, ठेवलं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या. मला म्हणाली, ताई, तुम्ही पितर म्हणून जेवायला बसाल का? गेलेल्याच्या जागी कुणीतरी बसावं लागतं.

बसले. नाही कशी म्हणू? वही मांडीवर आहे. ताट वाढलंय. आमरस, पुरणपोळी. आईने निखारे काढले आगारी टाकायला. गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि घास निखाऱ्यावर ठेवायचा. नाव नसलं तर घास पोचत नाही, गेलेलं माणूस सुटत नाही.

आईने विचारलं, ताई, तुमनं नाव काय शे?

मी सांगितलं. ज्योत्स्ना. मोठ्याने सांगितलं. वाटलं, नावाने तरी –

आई थबकली. आठवलं! तिला आठवलं! हेच नाव, म्हणाली, हेच ओठांवर येत होतं, ज्योत्स्ना, माझी लेक. तेजसही उठून उभा राहिला. ताई, म्हणाला, ताई होती आपली. दोघं गळ्यात पडून रडताहेत.

मी म्हणतेय आई, अगं मीच, इकडे बघ –

बघत नाही. होती म्हणतेय. गेली माझी पोर, म्हणतेय. घागरीकडे बघून रडतेय, माझ्याकडे नाही –

मीच नाव दिलं. मीच –

आईने घास तुपात बुडवला. नाव घेऊ नको आई. माझ्या तोंडावर कोळशाचा हात फिरतोय कुणाचा तरी, डोळे काढतोय. आई, नको घेऊ, टाकू नको, मी इथं बसलेय, ताटावर, तुझ्यासमो