प्रलयातल्या वाघाचं जेवण

बाबा, रविवारी अकोल्यात एका मंगल कार्यालयाच्या दारात तुमचा फोटो पाहिला. फ्लेक्सवर. तुमच्या मागे लाटा, लाटांवर भलीमोठी नाव, आणि खाली ठळक अक्षरं: ‘महाप्रलय, आता विज्ञानानेही सिद्ध’. कपाळावरचं गंध कोणीतरी जरा जास्तच लाल करून टाकलंय. वक्ता तुमचा नातू, माझा मुलगा. इंजिनिअर झाला, नोकरी सोडली, आणि तुमच्या पुराणाच्या वह्या पिशवीत घालून गावोगाव हिंडतो. तुम्ही मत्स्यावताराची गोष्ट सांगायचात, तो तिचे पुरावे सांगतो.

तीन महिने झाले, तो माझ्याशी बोलत नाही. कारण माझा लेख. पेपरातल्या माझ्या लिहिण्याला तुम्ही ‘चिमटे काढणं’ म्हणायचात. या वेळी चिमटा पोटच्या पोराला बसला. मी एवढंच विचारलं होतं, की प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी नावेत घेतली, तर मेळघाटच्या वाघाने तितके दिवस खाल्लं काय? पहिल्याच दिवशी त्याला भूक लागली असती तर हरणांचा वंश पाण्यात न पडताच बुडाला असता. हत्तीचं शेण कोण काढत होतं, सप्तर्षींनी पाळ्या लावून घेतल्या होत्या का? नदी आणि समुद्र एक झाल्यावर गोड्या पाण्यातले मासे जगले कसे? आणि पाणी ओसरल्यावर एकाच जोडीची पोरं आपसातच सोयरीक करणार, मग पुढच्या पिढ्यांचं काय? नाव कोणाचंच लिहिलं नव्हतं. पण अमरावतीत शिंकलं की अकोल्यात रुमाल निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. “आई, तू मले हसली असती त चाललं असतं. तू लोकायले हसवलं.” त्यानंतर त्याने माझा एकही फोन उचललेला नाही.

वलगावच्या देवळातली ती दुपार मला फार आठवते हल्ली. मी चौदा वर्षांची. समोर शेतातून उठून आलेली माणसं, तुमच्या पुढ्यात पोथी. मनूने सगळं बियाणं नावेत घेतलं, इथवर तुम्ही येता आणि मी उभी राहते. शाळेत नुकतंच काहीतरी शिकलेलं अंगात मावत नसतं. “बाबा, बियाणं वाचलं, पण खाऱ्या पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत ते उगवलं कसं?” तुम्ही मान वर करता. तेवढ्यात मागून एक म्हातारा कास्तकार म्हणतो, “महाराज, पोरगी बराबर बोलून राह्यली. माह्या वावरात चार दिवस पानी साचलं त तूर उभी जयते, एक दाना हाती येत नाही.” सगळं देऊळ हसतं. तुम्हीही हसता. “असंल बुवा. मी काही त्या नावेत नव्हतो,” म्हणता आणि पान उलटता. परतीच्या एस.टी.त मात्र तुम्ही म्हणालात, “प्रश्न चांगला होता. पण विचारताना तू हसून राहिली होतीस.” बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही ती गोष्ट कुठे सांगितल्याचं मला आठवत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं.

‘मी काही त्या नावेत नव्हतो’ हे वाक्य तुमच्या वह्यांमध्ये नाही, बाबा. मी पानन्‌पान पाहिलंय. लिहून ठेवायची ती गोष्टच नव्हती. मग तुमच्या नातवाने ती शिकावी कुठून? शिकवायला घरात मी होते, आणि मला चिमटेच काढता येतात.

रविवारी मी शेवटच्या रांगेत बसले होते. पर्समध्ये प्रश्नांचा कागद. व्याख्यान संपल्यावर त्याने विचारलं, “कोणाची काही शंका?” आणि त्याला मी दिसले. मी उभी राहिले. तो माईकवर म्हणाला, “बोला.” आईला ‘बोला’! चार माणसांनी वळून पाहिलं. कागद पर्समध्येच राहिला आणि माझ्या तोंडून निघालं, “घरी कधी येशील रे?” सगळं कार्यालय हसलं. म्हणजे लोकांना पुन्हा मीच हसवलं. तो माईकवरच म्हणाला, “पुढचा प्रश्न.”

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. ज्याचा पत्ता मला पाठ आहे त्याच्यासाठी दोन ओळी जमत नाहीत. तरी एक सांगून टाकते. व्याख्यानाच्या शेवटी, प्रश्नांच्या आधी, पडद्यावरची चित्रं बंद करून त्याने नुसती गोष्ट सांगितली. माशाच्या शिंगाला बांधलेला दोर ताणला जातोय, वारा सुटलाय, आणि त्याचा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा खाली उतरत गेला. मला त्यातलं काही पटत नव्हतं, अजूनही नाही. पण नाव डोंगराला लागली तेव्हा मला हायसं वाटलं.