अर्धा ग्लास खजुरीचा रस

६ जानेवारी, कुसुमडांगा

होस्टेलच्या मागच्या भिंतीपाशी कुडकुडत उभं राहून हेना आणि मी एकाच ग्लासातून खजुरीचा रस प्यायचो. पहिला अर्धा तिचा, कारण ग्लास तिचा. मग चिकट ओठांनी चॅपलमध्ये. सिस्टर बेनेडिक्टांना सगळं कळायचं, पण त्या रागवायच्या ते मी बोट जिभेला लावून प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उलटते म्हणून. ती सवय अजून गेलेली नाही. आत्तासुद्धा हे पान तसंच उलटलं.

आज इतक्या वर्षांनी तोच पितळी ग्लास घेऊन हेना अंगणात उभी होती. मला बघताच म्हणाली, "आगू, किती म्हातारी झालीस गं! शेजारणी विचारतील, सासूला कुठून आणलंस?" आणि गळ्यात पडून रडली.

आले आहे मात्र कामाला. इथल्या पौषाच्या जत्रेहून परतलेली माणसं आपापल्या गावी तापाने पडताहेत. डोकं दुखतं, मग घरच्यांना ओळखेनाशी होतात, मग उठतच नाहीत. वटवाघळांपासून येणाऱ्या त्या आजाराचा ढाक्याच्या कचेरीला संशय आहे. हा भाग माझ्या पायाखालचा, म्हणून निवृत्तीनंतरही मलाच पाठवलं.

कच्चा रस पिणार नाही, हे मी हेनाला फोनवरच बजावलं होतं. "उकळलाय गं बाई, डाक्तरीणबाईंसाठी खास उकळलाय!" अर्धा पिऊन तिने ग्लास माझ्या हातात दिला. चव थेट त्या भिंतीपाशची. डोळे भरून आले.

८ जानेवारी

आसपासच्या गावांतली तीन घरं पाहिली. लोक याला अस्मानी बला म्हणतात आणि दाराला कडुनिंब बांधतात. आजाऱ्याच्या तोंडाचा फेस बायका पदराने पुसतात, तोच पदर डोक्यावर घेतात. त्याच्या ताटात उरलेलं आई खाते. टाकलं तर लेकरू जगत नाही, अशी समजूत. एका आईला मी थांबवलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, की तुम्हाला मूल नसेल.

संध्याकाळी हेनाच्या सुनेने, पारुलने, जाड घावनासारखे गरम चितई पिठे केले. ती मला खाला म्हणते, मावशी. हेना निम्मा पिठा चावून उरलेला माझ्या तोंडात कोंबायला आली. मी नको म्हटलं. रुसली.

१० जानेवारी

सापडलं.

मोकसेद इथला गाछी, सगळ्या खजुरी रसासाठी तोच छेदतो. झाडाला काही दिवस विसावू दिल्यावर पहिल्या रात्रीचा जो रस उतरतो, तो जिरान. सगळ्यात गोड, म्हणून पाहुण्यांचा मान. जत्रेच्या पाहुण्यांसाठी त्याने मडक्यांवरची बांबूची झाकणं मुद्दाम काढून ठेवली होती. झाकणाने रसाला ओला वास लागतो, पाहुण्याला असा रस देणं बरं दिसत नाही, म्हणाला. आणि वटवाघळं? येतात की, पहाटे वर चढलं की ऐकू येतात. मुलं बशी चाटतात तसा आवाज. "अल्लाच्या पाखरांनी दोन घोट घेतले तर काय बिघडलं, डाक्तर आपा? रस काही आटत नाही!"

आजारी पडलेले सगळे जिरान प्यायले होते. मी मोकसेदला झाडावर चढवून झाकणं परत लावून घेतली, मशिदीच्या भोंग्यावरून कच्च्या रसाची मनाई सांगायला लावली. ढाक्याला फोन केला. साहेबांनी शाबासकी दिली. जेवण गोड लागलं.

११ जानेवारी

हेनाचं डोकं दुखतंय. ती म्हणते, ऊन लागलं. पौषात कसलं ऊन?

१२ जानेवारी

ताप. खोकला.

मी विचारलं तिला. आधी भिंतीकडे तोंड फिरवलं, मग म्हणाली, की उकळला की धुराचा वास येतो, आगू, तुझी इतक्या वर्षांची चव गेली असती. तू येणार म्हणून मोकसेदला सांगून जिरान मागवला होता.

धुराचा वास. तो नव्हताच. ग्लास ओठाला लावला तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला कळलंही असेल—

१३ जानेवारी

ढाक्याची गाडी नदीपलीकडे अडकली आहे. धुकं, फेरी बंद.

हेना मला सिस्टर म्हणते. ग्लास लपवते पांघरुणात. मध्येच खूप मोठ्याने हसते, आणि पारुल कान झाकून बाहेर पळते.

१४ जानेवारी

गेली.

बायका न्हाऊ घालायला आल्या. मी दारात आडवी उभी राहिले. हातमोजे, तोंडाला फडकं, त्याशिवाय कुणी आत नाही. शिव्या खाल्ल्या. पारुल पाया पडली, म्हणाली, खाला, सासू नव्हती हो ती, आई होती, उघड्या हातांनी न्हाऊ घालू द्या. नाही दिलं. मोजे घालूनच घातलं तिने. रडताना तिने डोळे पुसू नयेत म्हणून मी तिचा हात धरून ठेवला.

१५ जानेवारी

माझं डोकं दुखतंय.

शाळेच्या रिकाम्या वर्गात आले आहे. आतून कडी. पारुल पाणी उंबऱ्यावर ठेवते, मी ती गेल्यावरच घेते. तिच्या पोटात बाळ आहे. तिने आत येता कामा नये. एवढंच जमलं पाहिजे.

१६

गाडी नाही.

भिंतीपलीकडे कुणीतरी चाटतंय. बशी चाटावी तसं. मी ओरडले तरी थांबत नाही—

मग कळलं. मीच. बोट. पान उलटताना.

१६ का १७

डोकं आहे तोवर लिहून ठेवते.

घड्याळ पारुलला. नवीन आहे, कचेरीत राहिलं होतं, ते चालेल. माझ्या हातातलं नको. जाळा.

जपमाळ सिस्टरांच्या शाळेला. नको. ओठांना लावते मी. जाळा. शालही.

पुस्तकं मोकसेदच्या मुलीला, ढाक्याच्या घरातली, फक्त तिथलीच.

मला मोजे घालून न्हाऊ घाला. इथेच माती द्या, सिमेट्री लांब आहे, वाटेत कुणी

ही वही साहेबांना. नाही. हिला हात लावू नका. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला माझं—

पारुल, तू वाचत असशील तर खाली ठेव. हात धू.

थंडी

दार वाजतंय. पारुलला म्हटलं येऊ नको. पारुल नाही म्हणे. हेना आहे, भिंतीपाशी उभी, ओठ चिकट. मी कडी काढत्ये—

ग्लास हेनाला द्या, तिचाच आहे. अर्धा मी ठेवलाय तिच्यासाठी. थंडगार आहे. कुणी उकळू नका, उकळला की चव